पंपाच्या भावात बोर्डो

सरांच्या खांद्याला कायम एक खाकी पिशवी असायची आणि त्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला काचेचा बीकर. प्रयोगशाळेत असतो तो, अडीचशे मिलीचा, बाजूला पांढऱ्या रेघा असलेला. सर चहा प्यायचे तो त्यातच. पूर्णा स्टेशनासमोरची टपरी असो, कुणाचं लग्न असो की तहसील कचेरी, कप पुढे आला की सर बीकर काढायचे, कपातला चहा त्यात ओतायचे, डोळ्यांच्या रेषेत धरून बघायचे आणि म्हणायचे, "ऐंशी मिली. बरा दिला की." मग सावकाश प्यायचे, बीकर पाण्याने विसळायचे आणि टॉवेलात गुंडाळून परत पिशवीत ठेवायचे. आम्ही पोरंपोरी तोंडाला रुमाल लावून हसायचो. विक्षिप्त माणूस, दुसरं काय, असं म्हणून सगळ्या तालुक्याने तो बीकर मान्य करून टाकला होता.

मी त्यांची विद्यार्थिनी, चुडाव्याहून रोज गाडीने पूर्णेच्या कृषी शाळेत येणारी. पुढे तिथेच प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले आणि त्यांच्या हाताखाली आणखी बरीच वर्षं काढली. सरांचे वडील रेल्वेत गँगमन होते. घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. सर पिकांवरचे रोग शिकवायचे आणि पहिल्या वर्षाच्या पोरालाही "तुमी" म्हणायचे. "तुमी फळ्याकडं बघायलाव का खिडकीकडं?" असं त्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा मी मागे वळून बघितलं. मागे कुणी मोठं माणूस येऊन उभं राहिलं असेल असं वाटलं. तोवर मला कुणी अहोजाहो केलं नव्हतं.

त्यांचा सगळा जीव बोर्डो मिश्रणावर. मोरचूद, चुना आणि पाणी, एवढंच ते बुरशीवरचं औषध. आमच्याकडच्या मोसंबीवाल्याला ते सांगावं लागत नाही. पण सर सांगायचे, दरवर्षी, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे. दोन बादल्या मांडायचे, एकीत विरघळवलेलं मोरचूद, दुसरीत कालवलेला चुना, आणि मध्ये रिकामं प्लास्टिकचं पीप. "यानं त्याच्यात जायचं न्हाई, त्यानं याच्यात यायचं न्हाई. दोघांनी एका टायमाला तिसऱ्या पिपात जायचं. म्हंजी मिसळ नीट होती," असं म्हणत दोन्ही हातांनी दोन्ही बादल्या ओतायचे आणि पीप आभाळी रंगाने भरायचं. मग परीक्षा. घासून लखलखीत केलेला लोखंडी विळा त्यात बुडवून मिनिटभर धरायचा. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, झाड भाजणार. विळा गेला तसाच वर आला की सर तो हातात धरून बाकांमधून फिरायचे. "माणूस सांगंल काय बी. इळा खोटं बोलत न्हाई."

त्यानंतर गोष्ट. फ्रान्समध्ये बोर्डो नावाचा मुलूख आहे, तिथे द्राक्षं पिकतात आणि त्यांची लाल वाइन जगात नावाजलेली. रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे, म्हणून तिथल्या बागायतदारांनी वेलींवर हे निळं पाणी मारलं. दिसायला विषारी, कोण हात लावतोय. पुढे बागांवर केवडा रोग आला आणि सगळ्या वेली वाळल्या, रस्त्याकडेच्या तेवढ्या हिरव्या राहिल्या. "चोरांनी औषध शोधलं," सर म्हणायचे आणि स्वतःच इतके हसायचे, की चष्मा काढून पुसावा लागायचा.

तर या बोर्डोपायी सर एका शब्दात अडकले होते.

ते नवेच नोकरीला लागले होते तेव्हाची गोष्ट. झरीला एक मोठे बागायतदार होते, सगळे त्यांना बापू म्हणत. त्यांची मोसंबीची नवी बाग डिंक्या रोगाने धरली. खोडातून डिंक गळायचा, झाड बसायचं. बापू बाग मोडायला निघाले होते. सरांनी जाऊन बोर्डोचं घट्ट मलम करायला शिकवलं आणि ओळीने सगळी खोडं गुडघ्याच्या वरपर्यंत रंगवून घेतली. दुसऱ्या दिवशी झरीत चेष्टा सुरू झाली, की बापूंच्या बागेने निळा झेंडा हातात घेतला. बापू तडक शाळेवर आले.

"मास्तर, दुसऱ्या रंगात न्हाई का हे मिळत?"

"मोरचूदाचा रंग निळाच असतोय बापू. मी ठरिवला न्हाई."

बापू तसे दिलदार. हसले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग निळी. पण हे औषध ज्या गावचं, तिथली दारू लय भारी आसती म्हणायलाव ना तुमी? बाग जगली तर त्या गावची बाटली पाजा मला. ह्याच झाडाखाली." आणि आमच्या सरांनी, ज्यांनी जन्मात दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता, बागेत उभं राहून शब्द दिला.

बाग जगली. नुसती जगली नाही, अठ्ठावीस वर्षं फळली. आणि दर हंगामाला बापूंचा एकच प्रश्न, "मास्तर, माजी बाटली?" सर हसून टाळायचे. टाळण्याचं कारण मला माहीत होतं. एकदा हैदराबादला गेले असताना ते मोठ्या दुकानात शिरले होते, आणि बोर्डोच्या एका बाटलीची किंमत ऐकून मुकाट बाहेर आले होते. मोटारसायकल आली असती तेवढ्यात. शब्द दिला तेव्हा बाटली केवढ्याला पडते हे विचारायचं राहून गेलं, असं ते मला म्हणाले. मोजल्याशिवाय काही न करणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच न मोजता काही केलं होतं.

सर निवृत्त झाले. तरी रोज प्रयोगशाळेत यायचेच. गेल्या वर्षी मृग बहाराचा तोडा संपला आणि बापूंचा फोन आला. फोन सरांनी नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजावर लावलेला, त्यामुळे मलाही ऐकू आला.

"मास्तर, झाडं थकली आता. पंधरा दिवसांनी मशीन येणार हाय बाग काढायला. तुमची बाटली मी सोडली जावा. मनाला लावून घिऊ नका."

सरांनी फोन ठेवला. मग उठले, फळा पुसला आणि म्हणाले, "पंधरा दिवस हायेत. बाग उभी हाय तवर बाटली गेली पायजे."

"सर, पण पैसे?"

"पाठीवरच्या फवारणी पंपाला जितके पडतात तितके. त्याच्या वर एक रुपया न्हाई. बोर्डो पंपाच्याच भावात बसली पायजे."

पुढचे आठ दिवस आमच्या प्रयोगशाळेत जे चाललं त्याची आठवण आली की मला अजून अंगात वारं भरल्यासारखं होतं. मी मोबाइलवर शोधून वाचायचे, सर लिहून घ्यायचे. फळ्यावर त्यांनी बोर्डोचा नकाशा काढला. दोन नद्या येऊन मिळतात आणि पुढे समुद्राला जातात. "ही आपली पूर्णा, ही गोदावरी, हा कंठेश्वरचा संगम," सर म्हणाले आणि परका मुलूख तिथल्या तिथे आमचा झाला. डाव्या काठाला गोटाड जमीन, उजव्याला चिकणमाती. डाव्या काठाची वाइन आधी लय तुरट, वर्षानुवर्षं मुरत ठेवावी लागते. उजव्या काठची लवकर पिण्याजोगी होते. तिथे बागा मालकाच्या बंगल्याच्या नावाने ओळखतात; अशी मोठमोठी नावं, त्यांच्या बाटल्यांच्या किमती. सर एकेक वाचत गेले आणि एकेकावर फुली मारत गेले.

चौथ्या दिवशी त्यांनी खडू खाली ठेवला. "एवढ्या मोठ्या नावाची बाग आसंल, तर तिला बांध आसंल का न्हाई?"

"असेल."

"बांधाच्या पल्याड कोण आसंल?"

"शेजारी."

"माती तीच, पाऊस तोच, ऊन तेच. पंगतीचं बोलावणं तेवढं त्या शेजाऱ्याला नसतंय. त्याची बाटली घ्यायची." त्यांचा आवाज चढला होता. "मोठं नाव बघायचं न्हाई. त्याच्या बांधाला लागून कोण हाय ते बघायचं. अन् साल चांगलं बघायचं. चांगल्या सालात बारक्याचं पीक बी मोठ्यासारखंच येतंय."

आणि खरंच निघालं तसं. उजव्या काठच्या नावाजलेल्या गावांच्या शिवेला लागून बिननावाची गावं होती, त्यांच्या बाटल्या निम्म्याहून निम्म्या भावात. बाटलीवर काय लिहिलेलं असावं, बागेतच भरली असं फ्रेंचमध्ये कसं लिहितात, ती अक्षरं सरांनी एकेक करून कागदावर चितारली. हे करताना माणूस पंचविशीतला दिसत होता.

दरम्यान ते पूर्णेतल्या वाइनच्या दुकानात चौकशी करून आले, तिथला मालक नेमका त्यांचाच विद्यार्थी, आणि संध्याकाळपर्यंत गावात झालं की सर प्यायला लागले. काकू, म्हणजे सरांच्या घरच्या, थेट शाळेत आल्या.

"दर पुनवेला इहारात पंचशील म्हणताव अन् हे काय चालवलंय?"

सर शांतपणे म्हणाले, "पाचवं शील नशा करायची न्हाई. मी पिणार न्हाई, ते शाबूत. पण चौथं शील खोटं बोलायचं न्हाई. बाटली न्हाई दिली तर ते मोडतंय."

"अन् पाजणाराचं काय?"

हा हिशेब सर घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "तीस मिली. नशा चढायच्या आत थांबायचं. मी मोजून देणार." काकूंनी ते मान्य केलं, पण बाटली घरात येणार नाही या अटीवर.

त्या आठवड्यात मला भाचीच्या लग्नाला पुण्याला जायचं होतं. सरांचा कागद मी पर्समध्ये घातला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, अंगावर काठापदराची साडी आणि हाताला मेंदी, मी एका मोठ्या थंडगार दुकानात शिरले. आयुष्यात पहिल्यांदा. दाढीवाला विक्रेता अदबीने पुढे आला, "बजेट काय आहे मॅडम?"

"पाठीवरचा पंप," मी म्हणाले. मग फोडून सांगितलं.

त्याने कुलपाचं कपाट उघडून जी पहिली बाटली दाखवली तिच्या किमतीत फवारणीचा ट्रॅक्टर आला असता. मी सरांना फोन लावला. "कपाट बंद करायला सांगा त्यांना," सर तिकडून म्हणाले. "सगळ्यात खालच्या फळीवर बघा. बियाण्याच्या दुकानात बी नाव नसलेलं वाण तिथंच ठेवत्यात."

मी साडी सावरून फरशीवर बसले आणि एकेक बाटली काढून वाचायला लागले. विक्रेता आधी अवघडला, मग तोही शेजारी उकिडवा बसला. गाव चुकीचं. काठ चुकीचा. एका बाटलीवर गाव बरोबर, पण बागेत भरल्याचं लिहिलेलं नाही. आणि मग मागच्या रांगेत, धूळ बसलेली, सरांच्या कागदावरचं तिसरं गाव. उजवा काठ. साल चांगलं म्हणून आम्ही दोन रेघा मारलेलं. बागेतच भरलेली, ती सगळी अक्षरं तशीच्या तशी. मी किंमत बघितली, पुन्हा बघितली.

"सर, पंपाच्या खाली आहे. नोझलचे पैसे उरतात."

सरांनी आकडा दोनदा वदवून घेतला. मग सर म्हणाले, "बिल घ्या." मी तिथे फरशीवर बसून डोळे पुसले, आणि विक्रेत्याला वाटलं की मला बरं नाही.

सकाळी गाडी पूर्णेला लागली तेव्हा सर फलाटावर ओलं पोतं घेऊन उभे होते. उन्हाळ्याचे दिवस, लाल वाइन तापलेली चालत नाही असं आम्ही वाचलं होतं. त्या ओल्या पोत्यात बाटली गुंडाळून आम्ही तसेच झरीला गेलो. मशीन दोन दिवसांनी यायचं होतं.

बापू बागेतच होते, बाजेवर. ऐंशीच्या घरातला माणूस, पण उठून उभे राहिले. झाडांच्या खोडांवर मागच्या पावसाळ्याआधीचा निळा रंग अजून दिसत होता. सरांनी पोतं उलगडलं. बापूंनी बाटली दोन्ही हातांत घेतली, वरचं नाव बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "आणलीच का मास्तर तुमी."

"थांबा. अजून दिली न्हाई," सर म्हणाले. "आधी परीक्षा."

त्यांनी पिशवीतून विळा काढला. बाटली खोटी निघाली तर शब्द खोटा पडला, आणि चाखून बघायची सोय नाही. उरला तो विळाच. बीकरमध्ये दोन बोटं वाइन ओतून सरांनी त्यात विळ्याचं टोक बुडवलं. मिनिट झालं, पाच झाले, दहा झाले. बाहेर काढला तर टोकावर तांबूस काही नव्हतं. पातं निळसर काळं पडलं होतं.

सरांनी पातं उन्हात धरलं. मग एकदम म्हणाले, "आवळा कापला की इळी काळी पडती का न्हाई? तुरट हाय. खरीच हाय बापू. सालीसकट मुरवलीय." आणि साठी ओलांडलेला तो माणूस विळा उंच धरून मोसंबीच्या दोन ओळींमधून पुढे गेला आणि मागे आला, वर्गात फिरायचा तसाच. विळ्याची ती वाइन मातीत ओतून, बीकर पाण्याने विसळून, सरांनी त्यात नवी ओतली. रेघ बघितली. तीस मिली.

"घरातनं तुमचा एखादा पेला मागवा," सर म्हणाले.

बापूंनी सुनेला हाक मारली. ती आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "माजी भांडी दारूला मिळणार न्हाईत मामाजी. हे घ्या." तिने एक कागदी कप पुढे केला.

तो कप मला ओळखीचा होता. याआधी तीनदा मी सरांबरोबर त्या घरी आले होते. चहा यायचा तेव्हा ताटात स्टीलचे कप असायचे, बापूंना, मुलाला, मला. आणि एक कागदी कप, सरांना. मी ते बघितलं होतं आणि माझा चहा पिऊन टाकला होता. सर त्यांचा चहा लगेच बीकरमध्ये ओतायचे, किती मिली ते सांगायचे, आणि सगळे हसायचे. बीकर बाहेर आला की कप कुठला होता ते कुणाला बघावंच लागत नव्हतं. घरच्यांना नाही, आणि मलाही नाही. इतकी वर्षं मी कशाला हसत होते ते मला त्या बागेत, भर उन्हात कळलं आणि माझी मान खाली गेली.

बापू तो कागदी कप हातात धरून बसले होते. "हे कप कशाला आणून ठिवलेत आपण घरात?" त्यांनी सुनेला विचारलं.

ती हळूच म्हणाली, "तुमच्याच वक्तापासनं हाय की मामाजी. पहिलं येगळा काचेचा कप व्हता. तो फुटला म्हणून हे आणले."

सरांनी बीकर तसाच पुढे धरलेला. बापूंनी कागदी कप चुरगाळून बाजेखाली टाकला आणि सरांच्या हातातून बीकर घेतला. त्याच्याकडे बघितलं, रेघांकडे बघितलं, आणि ओठांना लावला.

तोंड आंबट झालं त्यांचं. "लय तुरट हाय मास्तर. कच्चं जांभूळ खाल्ल्यावानी." मग उरलेलं सगळं प्यायले. "पण चांगली हाय."

"बांधाच्या पल्याडची हाय बापू," सर म्हणाले.

बापूंनी खोडाच्या निळ्या रंगाकडे बघितलं. मग सुनेला म्हणाले, "चहा ठिव. सगळ्याला एकसारखे कप आण. अन् मास्तर, हे काचेचं भांडं माज्यापाशी ऱ्हाऊ द्या आता. तुमाला त्याचं काम न्हाई."

सरांनी टॉवेल तेवढा परत घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनासमोरच्या टपरीवर सर आले. खांद्याला पिशवी होती, पण हात तिच्याकडे गेला नाही. टपरीवाल्याने काचेचा पेला पुढे केला, रोजच्यासारखं ओतून घेण्यासाठी तो थांबला, आणि सरांनी पेलाच घेतला. सवयीने डोळ्यांच्या रेषेत धरला, फिरवून बघितला.

"रेघाच न्हाईत की याला," सर मला म्हणाले. "किती हाय कळंना." आणि फुंकर घालून प्यायला लागले.